खदानीत जखमी झालेला ड्रायव्हर घरी आल्यावर: पुढचे सहा महिने कसे सांभाळायचे

खदानीच्या रॅम्पवर मागे येणारा डंपर टिप्परवर आदळतो. रेतीघाटावर ट्रॅक्टर आणि हायवा समोरासमोर भिडतात. मुरमाच्या खड्ड्यात लोडरचा बकेट केबिनला लागतो. वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेडच्या कोळसा पट्ट्यात, सुरजागडच्या लोहखनिजाच्या वाहतुकीत, वर्धा-वैनगंगेच्या घाटांवर असे अपघात होतात. हायवेवर अपघात झाला की लोक जमतात, पोलीस येतात. इथं तसं काही होत नाही. कुणीतरी ड्रायव्हरला पिकअपमध्ये टाकून दवाखान्यात नेतं, ऑपरेशन होतं, काही दिवसांनी तो घरी येतो आणि तिथून पुढचं सगळं घरच्यांच्या अंगावर पडतं.

हा लेख त्या घरच्यांसाठी आहे: बायको, भाऊ, आई, वाचता येणारी मुलगी. हाड बसवायचं काम सर्जन करतो. तो माणूस पुन्हा ट्रकच्या पायरीवर चढेल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी घरी आल्यानंतरच्या काळजीवर ठरतं. म्हणून घरातल्या एकाच माणसाने ही जबाबदारी घ्यावी. फाईल, तारखा, गोळ्या, फोन सगळं त्याच्याच हाती असू द्या. चौघांनी थोडं थोडं बघितलं की शेवटी कुणीच बघत नाही.

दवाखाना सोडण्याआधी

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथंच बसून वाचा. इंग्रजी कळत नसेल तर नर्सताईंना वाचून दाखवायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुठलं हाड मोडलं, कोणतं ऑपरेशन झालं, रॉड-प्लेट घातली का, टाके कधी काढायचे, पुढची तारीख कोणती, हे सगळं त्यावर असलं पाहिजे. एक प्रश्न तोंडी विचाराच: पाय जमिनीवर टेकवायचा की नाही, आणि किती? नुसता अंगठा टेकवणं, अर्धं वजन टाकणं आणि पूर्ण वजन टाकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईने वजन टाकल्यामुळे प्लेट वाकते. उलट, भीतीपोटी महिनोन् महिने पाय उचलून धरल्यामुळे गुडघा आखडतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अपघात कसा झाला, याबद्दल कार्डावर काय लिहिलंय ते बघा. मालक किंवा सुपरवायझर दवाखान्यात पोहोचायच्या आधीच सांगून ठेवतो, "घरी पाय घसरून पडला असं सांग, खर्च मी बघतो." दुखण्यात, भीतीत माणूस हो म्हणतो. या एका वाक्याने पुढचे दोन तोटे होतात. पहिला तोटा शरीराचा: घरी पडलेल्या माणसाला आणि वीस टनांच्या गाडीने चेपलेल्या माणसाला डॉक्टर वेगळ्या नजरेने तपासतात. स्टिअरिंग छातीत बसलं होतं हे कळलंच नाही, तर पोटाची सोनोग्राफी करायचं सुचणार कसं? दुसरा तोटा भरपाईचा, त्याबद्दल पुढे लिहितो. घाटावरचं काम बिनपरवान्याचं असलं तरी डॉक्टरला खरंच सांगा. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर डिस्चार्जच्या आधीच लेखी अर्ज देऊन खरी माहिती नोंदवा आणि मेडिको-लीगल केसचा, म्हणजे दवाखाना पोलिसांना कळवतो त्या नोंदीचा (एमएलसी) नंबर कार्डावर घ्या. कार्ड, एक्स-रे, सीटी स्कॅनची सीडी, बिलं या सगळ्यांचे फोटो काढून दोन मोबाईलमध्ये ठेवा. पावसाळ्यात मातीच्या घरात कागद भिजतो.

पहिले पंधरा दिवस: कोणत्या लक्षणाला गाडी काढायची

घरी आल्यावर सगळे म्हणतात, "आता बरा आहे, झोपू द्या." झोपू द्याच, पण पहिले दोन आठवडे डोळा ठेवा. खालच्या लक्षणांपैकी एक जरी दिसलं तरी उद्याची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा.

डोक्याला मार असेल आणि डोकेदुखी वाढत चालली, वारंवार उलटी झाली, माणूस नीट जागा होईना, बोलणं अडखळलं, एक हात-पाय ढिला पडला, झटका आला, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळलं, तर ते साधं चक्कर येणं नव्हे. मेंदूवरचा रक्तस्राव कधी कधी दोन-चार आठवड्यांनंतरही दिसून येतो. पन्नाशी-साठीच्या ड्रायव्हरमध्ये, रोज दारू घेणाऱ्यात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांत हा धोका जास्त असतो. महिनाभराने "बाबा जरा विसरभोळे झाले, चालताना झुकतात" असं वाटलं तर ते वयावर ढकलू नका.

पोटाचं दुखणं लपून राहतं. स्टिअरिंगचा दाब बसला की प्लीहा किंवा यकृताला चीर जाते, आणि प्लीहेतून काही दिवसांनी अचानक रक्तस्राव होऊ शकतो. पोट ताठ होणं, डाव्या खांद्यात दुखणं, घाम फुटून तोंड पांढरं पडणं, लघवीत रक्त दिसणं, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणं, या खुणा लक्षात ठेवा.

प्लास्टरच्या आतलं दुखणं गोळी घेऊनही वाढतच असेल, पायाची बोटं दुसऱ्याने हळूच हलवली तरी माणूस ओरडत असेल, बोटं बधिर, थंड किंवा निळसर झाली असतील, तर आत स्नायूंवरचा दाब वाढलेला असू शकतो. इथं काही तासांचाच अवकाश असतो. उशीर झाला तर पाय वाचला तरी स्नायू मरतात. जवळ कोणताही सरकारी दवाखाना असेल तिथं आधी प्लास्टर फोडून घ्या, मोठ्या दवाखान्याची वाट नंतर धरा.

मांडीचं किंवा कमरेचं हाड मोडलेला माणूस पडून असतो, त्यामुळे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर त्याच दिवशी दाखवा. तशी पोटरी आधी चोळायची नाही, तेल लावून तर मुळीच नाही. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यात रक्त आलं तर लगेच निघा. रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन किंवा गोळी दिली असेल तर ती "आता बरं वाटतंय" म्हणून मधेच सोडू नका.

बरगड्या मोडलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. कोळशाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेली असते, त्यात दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो आणि कफ साचून न्यूमोनिया होतो. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास घ्यायचे. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. दवाखान्यातून तीन छोट्या चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र मिळालं असेल तर ते कपाटात ठेवायची वस्तू नाही. छातीला पट्टा आवळून बांधायची जुनी पद्धत टाळा.

जखम, प्लास्टर आणि बाहेरचा रॉड

खदानीतल्या जखमेत माती, शेण, डिझेल, कोळसा सगळंच गेलेलं असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिल्याची नोंद कार्डावर बघा, नसेल तर दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. जखमेवर हळद, चुना, चहापत्ती, बिडीची राख काहीही टाकू नका. ड्रेसिंग करायला रोज शहरात जायची गरज नसते, उपकेंद्रातल्या सिस्टरकडूनही ते करून घेता येतं. वास येणं, पू, जखमेभोवती वाढत जाणारी लाली, ताप, किंवा जखमेजवळ कातडीखाली दाबल्यावर करकर असा आवाज, यातलं काही दिसलं तर ड्रेसिंगवर वेळ घालवू नका, सर्जनकडे जा.

पायाला बाहेरून रॉड आणि पिना लावल्या असतील तर हात साबणाने धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ गॉजने प्रत्येक पिनेभोवती पुसा. प्रत्येक पिनेसाठी नवा गॉज घ्या. किती दिवसांनी पुसायचं हे डॉक्टरांना विचारून ठेवा. पिन हलायला लागली तर ती स्वतः आवळू नका.

प्लास्टर केलेला पाय पहिले काही दिवस छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा, म्हणजे सूज उतरते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा मे महिना कसा असतो हे सांगायला नको. घामाने आत खाज सुटते आणि माणूस खराट्याची काडी आत घालतो. त्या ओरखड्याची आत जखम होते, ती प्लास्टर काढेपर्यंत दिसतच नाही. कूलर पायाच्या दिशेने लावा, पण त्याचे शिंतोडे प्लास्टरवर येऊ देऊ नका.

मणक्याला मार असलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, रात्रीसुद्धा. त्यासाठी आळीपाळीने जागणारी दोन माणसं लागतात, आणि हे काम एकट्या बायकोवर टाकणं अन्याय आहे. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघा. दाबूनही न जाणारी लाली ही झोपून होणाऱ्या जखमेची सुरुवात असते.

हाडवैद्य, खर्रा, सुई

हाडवैद्याकडे नेऊ नका, हे मी ठाम सांगतो. त्याच्यावर पिढ्यान् पिढ्यांचा विश्वास आहे हे मला माहीत आहे. पण बांबूच्या पट्ट्या आवळून बांधल्यामुळे पायाचा रक्तपुरवठा तुटतो. प्लेट घातलेल्या पायाला मालिश करून हाड पुन्हा हलतं.

खर्रा सोडणं हा औषधाचाच भाग समजा. तंबाखूतल्या निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला उशीर लागतो, कधी जुळतच नाही, आणि जखमही चिघळते. बिडी-सिगारेट ओढत नाही म्हणून खर्रा चालतो असं नाही. भेटायला येणाऱ्या मित्रांना दारातच सांगा की पुडी आणायची नाही. सुटत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात विचारा.

अंगदुखीसाठी गावात रोज सुई टोचून घेणं थांबवा. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं रोज घेतली, त्यात उन्हाळा आणि पाणी कमी पिणं, तर मूत्रपिंडावर भार येतो, पोटात अल्सर होतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेतली पॅरासिटामॉल बहुतेकांना जास्त सुरक्षित पडते. दारू पिणाऱ्याने मात्र तीही विचारूनच घ्यावी. शुगर एकदा तपासून घ्या. ड्रायव्हरांत मधुमेह असतो आणि तो अपघातानंतरच पहिल्यांदा कळतो.

जेवणात डाळ, अंडी, चना, दूध, जमेल तेव्हा मासळी-मटण. घरात माणसं जास्त म्हणून वरण पातळ करून वाढलं जातं, जखमीच्या ताटात मात्र घट्ट वरण पडू द्या. त्याच्या हाडाला आणि स्नायूंना प्रोटीन लागतं.

तपासणीच्या फेऱ्या

साधारणपणे दहा ते चौदा दिवसांनी टाके निघतात, सहा आठवड्यांनी एक्स-रे होतो, पुढे तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी तारीख दिली असेल तर तीच पाळा. नडगीचं हाड जुळायला चार-सहा महिने लागू शकतात, मांडीच्या हाडालाही महिने लागतात. दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं होत नाही. तारीख चुकवायचं खरं कारण दुखणं थांबणं हेच असतं.

सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, मेयो, एम्स, चंद्रपूर-यवतमाळ-अकोल्याची सरकारी मेडिकल कॉलेजं, जिथं ऑपरेशन झालं तिथंच शक्यतो पुढची तपासणी करा. त्यांच्याकडे जुनी फाईल असते. ऑर्थोची ओपीडी कोणत्या वारी असते हे आधी फोन करून विचारा, नाहीतर शंभर किलोमीटर जाऊन रिकाम्या हाती परत यावं लागतं. जाताना मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. चारचाकीची मागची सीट मोकळी ठेवून पाय लांब करा, तासाभराने थांबा, पावलं वरखाली हलवायला लावा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पांदण बंद होते, तेव्हा ओढ्यापलीकडे राहत असाल तर जुलै-ऑगस्टची तारीख असताना आदल्या दिवशीच नातेवाइकाकडे मुक्कामाला जा.

डॅशबोर्डवर गुडघा आदळलेल्या ड्रायव्हरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हे हमखास सुटतं. गुडघ्याला मार दिसतो म्हणून सगळे गुडघाच बघतात. पण तोच दणका मांडीतून वर जाऊन खुब्याचा सांधा निखळवतो. सांधा बसवला तरी हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो, आणि तो गोळा पुढच्या दोनेक वर्षांत हळूहळू झिजतो. जांघेत दुखणं, मांडी घालून बसताना कळ येणं, लंगडणं, अशी तक्रार सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सुरू झाली तर "वातामुळे असेल" म्हणू नका. खुबा निखळला होता हे सांगून तपासून घ्या. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, एमआरआयमध्ये कळतं. गुडघ्यातली मागची दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटलेलीही अशीच राहून जाते, उतारावरून चालताना गुडघा सटकतो ही तिची खूण.

व्यायाम

ट्रक चालवायला गुडघा वाकावा लागतो, क्लच दाबायला ताकद लागते, केबिनमध्ये चढताना हाताने ओढून घ्यावं लागतं. म्हणून व्यायाम पहिल्या आठवड्यापासून. पावलं वरखाली करणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत पाच अंक मोजणं, असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. यात हाड हलत नाही, मांडीचा स्नायू मात्र जिवंत राहतो. गुडघा वाकवणं, वजन टाकणं डॉक्टरांनी सांगितल्यावरच. फिजिओथेरपिस्टकडे रोज जाणं जमत नसेल तर एकदा जाऊन व्यायामाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा आणि महिन्याने पुन्हा दाखवा. घरी वजनासाठी घमेलं भरून पायाला बांधायचे उद्योग करू नका.

मनाला लागलेला मार

रात्री दचकून उठणं, रिव्हर्सचा बझर ऐकला की अंगाला घाम, चिडचिड, बायको-मुलांवर ओरडणं, दारू वाढणं. सोबतचा क्लीनर त्याच अपघातात गेला असेल तर हे फार खोल जातं. ड्रायव्हर हे बोलून दाखवत नाही, त्याला ते दुबळेपणाचं वाटतं. महिनाभरानंतरही टिकलं तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या, किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मरायच्या गोष्टी कुणी बोलत असेल तर शेतातली फवारणीची औषधं घरातून हलवा आणि त्याला एकटं ठेवू नका.

पैसा आणि कागद

उपचारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्यालाच विचारा की पुढची तपासणी पॅकेजमध्ये धरली आहे का. मदत क्रमांक १५५३८८. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची सात दिवसांपर्यंत दीड लाखाची कॅशलेस योजना आहे, पण ती रस्त्यावरच्या अपघातासाठी आहे. खदानीच्या आत झालेल्या अपघातात तिच्या भरवशावर राहू नका.

भरपाईत हाच फरक सगळ्यात मोठा ठरतो. मोटार अपघात दाव्यात विमा कंपनी म्हणते की खदान ही सार्वजनिक जागा नाही. लोकांची ये-जा असलेली खासगी जागाही सार्वजनिक ठरू शकते, पण तो वाद लढावा लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीत अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. दुसरी वाट कर्मचारी नुकसानभरपाईची. १९२३ च्या कायद्यातल्या या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत. इथं जागा सार्वजनिक असावी लागत नाही, अपघात कामावर असताना, कामामुळे झाला एवढं दाखवावं लागतं, आणि कार्डावर "घरी पडला" असं असेल तर तेच अवघड होतं. चूक ड्रायव्हरची असली म्हणून हक्क जात नाही. नशेत असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. मुदत दोन वर्षांची. काम बंद असलेल्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, अर्थात कायद्याने ठरवलेल्या पगारमर्यादेत, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. म्हणून प्रत्येक बिल जपा. एकाच दुखापतीसाठी दोन्ही वाटा धरता येत नाहीत, कोणती धरायची हे सहा महिन्यांच्या आत वकिलाशी बोलून ठरवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो, मदत क्रमांक १५१००.

मालकाला अपघाताची लेखी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोलिसांत नोंद झाली नसेल तर कुठल्याही ठाण्यात द्या, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. खाण असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नागपूर कार्यालयालाही कळवा, ठेकेदाराचा ड्रायव्हर असला तरी. पगार रोख मिळत असेल तर ट्रिपच्या चिठ्ठ्या, गेट पास, व्हॉट्सॲपवरचे मेसेज हाच पुरावा. मालक थोडी रक्कम देऊन स्टँप पेपरवर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून घेतो. हक्क सोडल्याचा असा करार कायद्यात टिकत नाही, तरीही सही करू नका, पुढे त्यावरून वर्षानुवर्षं भांडण चालतं.

स्वतःचीच गाडी चालवणाऱ्यांनी पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का बघावं. ते मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व किंवा अवयव, डोळा गमावणं यासाठी असतं. साध्या हाडमोडीला मिळत नाही. बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कटत असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, कायमच्या अपंगत्वाला त्यातून १ ते २ लाख मिळतात.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र उपचार पूर्ण होऊन सुधारणा थांबल्यावर काढायचं. लक्षात घ्या, शरीराचं अपंगत्व ३० टक्के असलं तरी ड्रायव्हर म्हणून कमाईचं नुकसान १०० टक्के असू शकतं. डावा हात गमावलेल्या सुताराचं कमाईचं नुकसान सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली पूर्ण धरलं होतं. वकिलाला ही गोष्ट डॉक्टरांच्या साक्षीत आणायला सांगा.

पुन्हा स्टिअरिंगवर

हप्ता थकलेला असतो, म्हणून चौथ्याच महिन्यात माणूस गाडी मागतो. त्याआधी घरासमोर तपासून बघा: आधार न घेता एका पायावर उभं राहता येतं का, जोरात पाय आपटून ब्रेक दाबल्यासारखं करताना कळ येते का, मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, हाताने धरून केबिनच्या पायरीवर चढ-उतर सलग पाच वेळा जमते का. यातलं एकही जमत नसेल तर भरलेला टिप्पर उतारावर थांबवता येणार नाही. सगळं जमलं तरी सर्जनकडून लेखी फिटनेस घ्या. ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिनसारख्या झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असताना गाडी चालवायची नाही. अपघातानंतर एकदा जरी झटका आला असेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वाहनाला हात लावू नका, आणि आरटीओच्या मेडिकल फॉर्ममध्येही ते लपवू नका.

सुरुवात रिकाम्या गाडीने, दिवसा, सपाट रस्त्यावर, सोबत दुसरा ड्रायव्हर घेऊन करा. खदानीचा रॅम्प आणि नाईट शिफ्ट शेवटी. तोवर मालकाकडे काट्यावरचं, गेटवरचं, डिझेल नोंदीचं काम मागा आणि त्या कामाचा पगार बँकेत जमा करायला सांगा.